शब्दकोड्यांचे गुरुजी : डेरिक मॅकनट ऊर्फ झिमेनीज



चरित्र म्हटलं की आपण मुलांना राजे, संत, शास्त्रज्ञ, समाजसुधारक सांगतो. ते सांगायलाच हवेत. आज मात्र मी तुम्हाला एका वेगळ्याच माणसाची ओळख करून देणार आहे. हा माणूस पेशाने शिक्षक. पस्तीस वर्षं एकाच शाळेत शिकवलं. पण इंग्लंडमध्ये आजही त्याचं नाव निघतं ते रविवारच्या वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यामुळे. त्याचं खरं नाव डेरिक सॉमरसेट मॅकनट, आणि कोड्याखाली छापलं जायचं ते नाव झिमेनीज.

तुम्ही म्हणाल, शब्दकोडं ते काय, चहा पिता पिता भरून टाकायची चौकट. त्याचं एवढं काय? पण या माणसाने आयुष्यभर एकाच गोष्टीचा विचार केला. प्रश्न विचारणाऱ्याने समोरच्याला किती चकवावं आणि कुठे थांबावं? हा विचार दर घटक चाचणीला प्रश्नपत्रिका काढताना आपल्यालाही करावा लागतो. म्हणून हे चरित्र आपल्या कामाचं आहे.

आधी हे कोडं कसलं ते पाहू

आपल्याकडच्या शब्दकोड्यात आडवे शब्द, उभे शब्द असतात आणि प्रत्येकासाठी एक सरळ संकेत असतो. उदाहरणार्थ, गणपतीचं वाहन, तीन अक्षरं. उत्तर उंदीर किंवा मूषक. यातलं कोणतं, ते छेदणाऱ्या शब्दावरून ठरतं. माहिती असेल तर उत्तर येतं, नसेल तर येत नाही.

इंग्लंडमध्ये याचा एक गूढ प्रकार रुजला. त्याला क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात. यात संकेत वाचताना एक अर्थ दिसतो, पण उत्तर दुसऱ्याच वाटेने मिळतं. इंग्रजी उदाहरणं देण्यापेक्षा मी आपल्या भाषेत एक संकेत बनवलाय, तो बघा :

घाव घालतो तो पंढरीला निघाला (४ अक्षरं)

वाचल्यावर वाटतं, कुणीतरी गुन्हेगार पंढरपूरला पळाला. आता वाक्य मोडून बघा. घाव म्हणजे वार. घालतो म्हणजे करतो, आणि अभंगांत, ओव्यांत करतो याला करी म्हणतात. वार आणि करी जोडले की वारकरी. आणि पंढरीला निघाला तो कोण? वारकरीच. म्हणजे एकाच वाक्यात उत्तराकडे जायच्या दोन वाटा आहेत. एका टोकाला व्याख्या, दुसऱ्या टोकाला शब्दाची फोड. दोन्ही वाटा एकाच उत्तरावर भेटल्या की सोडवणाऱ्याला स्वतःलाच कळतं, आपलं बरोबर आलंय. कुणाला विचारायची गरज पडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॅकनट यांच्या आधीचा काळ

शब्दकोडं पहिल्यांदा छापलं गेलं अमेरिकेत, २१ डिसेंबर १९१३ रोजी, न्यूयॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्रात. ते आर्थर विन यांनी रचलं होतं आणि त्याचा आकार हिऱ्यासारखा होता. पुढच्या दहाबारा वर्षांत ही लाट इंग्लंडात पोचली. तिथल्या लोकांनी मात्र त्यात आपली खोड मिसळली. सरळ प्रश्नाऐवजी शब्दांचा खेळ सुरू झाला.

यात सर्वांत गाजला तो एडवर्ड पॉईस मॅथर्स. हा कवी आणि अनुवादक. आपल्याला त्याचं अप्रूप वाटावं असं एक कारण आहे. काश्मिरी कवी बिल्हण याच्या चौरपंचाशिका या संस्कृत काव्याचं इंग्रजी रूपांतर त्याने केलं होतं. १९२६ पासून तो ऑब्झर्व्हर या साप्ताहिकात दर रविवारी कोडं द्यायचा. त्याने टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा. हे नाव स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या एका कुप्रसिद्ध प्रमुखाचं, ज्याच्या नावाने लोक थरथर कापत. थोडक्यात काय, तर मी तुमचा छळ करणार आहे, हे त्याने नावातच सांगून टाकलं. १९३९ मध्ये तो वारला, तोवर त्याची साडेसहाशेहून जास्त कोडी छापून झाली होती.

टॉर्केमाडाची प्रतिभा मोठी होती यात वाद नाही. पण त्याच्या कोड्यांना ठराविक नियम नव्हते. कधी एखाद्या कवितेची अर्धी आठवण, कधी दूरचा इशारा. उत्तर पाहिल्यावरही कळायचं नाही की हे असं कसं आलं. तो जे मनात धरी ते सोडवणाऱ्याने ओळखायचं. आता सांगा, असे प्रश्न आपण शाळेत पाहिलेत की नाही?

एका शिक्षकाच्या हाती कोडं आलं

डेरिक मॅकनट यांचा जन्म १९०२ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्न गावातला. शिक्षण मार्लबरो कॉलेज या शाळेत आणि मग केंब्रिजच्या जीझस कॉलेजात. विषय लॅटिन आणि ग्रीक. आपल्याकडे संस्कृत शिकलेल्या माणसाला शब्दाची फोड करायची सवय लागते. धातू कोणता, प्रत्यय कोणता, संधी कुठे झाला, समास कोणता. लॅटिन-ग्रीक शिकलेल्यांचंही तसंच असतं. ही सवय पुढे त्यांना उपयोगी पडली.

१९२८ मध्ये ते क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत लागले. नाव ऐकून दवाखाना वाटेल, पण ही सोळाव्या शतकातली जुनी शाळा आहे. १५५२ मध्ये लंडनच्या गरीब मुलांसाठी ती सुरू झाली आणि १९०२ मध्ये हॉर्शम गावाजवळ हलवली गेली. तिथली मुलं आजही लांब निळा कोट आणि पिवळे पायमोजे घालतात. मॅकनट तिथे लॅटिन-ग्रीकचे विभागप्रमुख झाले आणि १९६३ पर्यंत तिथेच राहिले.

टॉर्केमाडा वारल्यावर ऑब्झर्व्हरला नवे कोडेकार हवे होते. मॅकनट यांनी कोडी पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या सॉमरसेट या मधल्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटी लिहून टेसरेमॉस असं नाव घेतलं. मग ते झिमेनीज झाले. हाही स्पेनच्या त्याच धर्मन्यायालयाचा एक प्रमुख होता. गादीवर बसायचं तर नावही त्याच घराण्यातलं हवं, असा विचार त्यामागे असावा. पण नाव छळवाद्याचं घेतलं तरी काम त्यांनी उलटं केलं. त्यांनी कोडेकारालाच नियमांत बांधलं.

नियम काय होते?

मॅकनट यांच्या आधी एक मुख्याध्यापक या वाटेवर होते. वेल्स कॅथीड्रल स्कूलचे ए. एफ. रिची. आफ्रिट या नावाने ते अतिशय अवघड कोडी रचत. १९४९ मध्ये त्यांचं कोड्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी कोडेकाराचं कर्तव्य मांडलं. त्याचा आशय असा, की वाक्याचा वरवरचा अर्थ फसवा असला तरी चालेल, पण शब्दाशब्दाने जे सांगितलंय ते खरंच असलं पाहिजे. मॅकनट यांनी हे तत्त्व उचललं आणि त्याची बारीकसारीक नियमावली तयार केली. १९६६ मध्ये शब्दकोड्याच्या कलेवर त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. नियम पुष्कळ आहेत, पण गाभा तीन गोष्टींत सांगता येतो. संकेतात उत्तराची नेमकी व्याख्या हवी. शब्दाच्या फोडीची प्रामाणिक वाट हवी. आणि या दोन्हींशिवाय तिसरं काहीही नको.

आपल्या भाषेत करून पाहू म्हणजे पटेल.

मोडलेलं कलम चिखलात फुलतं (३ अक्षरं)

वाचताना डोळ्यांसमोर येतं आंब्याचं मोडकं कलम. पण मोडलेलं हा शब्द सांगतो की क-ल-म ही अक्षरं मोडून पुन्हा जुळवा. जुळवली की कमल. आणि चिखलात फुलतं ही व्याख्या. एकही शब्द वाया गेलेला नाही.

आता हाच संकेत थोडा बिघडवू. माळ्याचं कलम चिखलात फुलतं. वाक्य छान आहे, पण अक्षरं हलवा असं सांगणारा शब्द कुठे आहे? सोडवणाऱ्याने ते स्वतःहून का करावं? हा झाला अन्याय. आणखी एक प्रकार : काल मोडलेलं कलम चिखलात फुलतं. यात काल हा शब्द कशासाठी? सोडवणारा त्या शब्दावर अर्धा तास डोकं खाजवत बसेल आणि शेवटी कळेल की तो नुसताच भरीचा होता. हाही अन्यायच.

तिसरं उदाहरण जरा बारकाईने बघा.

सूर्य मागे वळलेला शूर (२ अक्षरं)

सूर्य म्हणजे रवी, तो मागे वळला की वीर, म्हणजे शूर. बरोबर? पण हेही बघा : मागे वळलेला शूर, म्हणजे वीर उलटा, झाला रवी, म्हणजे सूर्य. एकाच वाक्याची दोन उत्तरं, दोन्ही तितकीच बरोबर! सोडवणाऱ्याने काय लिहायचं? दोष त्याचा नाही, वाक्याचा आहे. शब्दांची जागा बदला : मागे वळलेला सूर्य शूर. आता वळणारा सूर्यच आहे हे ठरलं, आणि उत्तर एकच राहिलं, वीर. एक शब्द इकडचा तिकडे केला आणि प्रश्न न्याय्य झाला. झिमेनीज यांचा सगळा आग्रह अशा ठिकाणी होता.

गंमत म्हणजे त्यांची कोडी सोपी नव्हती. चेंबर्सचा जाडजूड शब्दकोश शेजारी घेऊन बसावं लागे. अवघडपणाला त्यांचा विरोध नव्हता, विरोध होता तो संदिग्धपणाला. अवघड प्रश्नात विद्यार्थी हरला तरी उत्तर पाहून म्हणतो, अरे, हे सुचायला हवं होतं! संदिग्ध प्रश्नात हरला की म्हणतो, हे मला कधीच जमणार नाही. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते आपण शिक्षकांनी मुलांच्या चेहऱ्यावर रोज पाहिलंय.

सोडवणं आणि समजावणं

मॅकनट यांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची स्पर्धा. ठराविक अंतराने ते असं कोडं देत, ज्यात एका शब्दासाठी फक्त सरळ अर्थ दिलेला असे. सोडवणाऱ्याने पूर्ण कोडं भरायचं आणि त्या एका शब्दासाठी स्वतः गूढ संकेत रचून पोस्टाने पाठवायचा. मग मॅकनट ते सगळे वाचत, बक्षिसं ठरवत आणि एक छापील पत्रक काढत. त्यात उत्तम संकेत असत, आणि अमुक संकेत का चांगला, तमुक कुठे घसरला, याची चर्चा असे.

विचार करा, हे काय आहे? ही वर्गातली गृहपाठाची वही आहे, देशभर पसरलेली. नुसती बरोबर-चूक अशी खूण न करता कारण सांगणारी. वाचक कोडं सोडवणारे होते, ते हळूहळू कोडं रचणारे झाले. रचायला लागल्यावर त्यांना कळलं की न्याय्य प्रश्न काढणं हे उत्तर देण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

या स्पर्धेत भाग घेणाऱ्यांत कॉलिन डेक्स्टर नावाचे एक शिक्षक होते. तेही लॅटिन-ग्रीकचे. ऐकू येणं कमी झाल्यामुळे १९६६ मध्ये त्यांना शाळा सोडावी लागली आणि ते ऑक्सफर्डच्या परीक्षा मंडळात कामाला लागले. पुढे त्यांनी गुप्तहेर कथा लिहिल्या. त्यातल्या इन्स्पेक्टर मॉर्स आणि सार्जंट लुईस या जोडीची नावं त्यांनी याच स्पर्धेतल्या दोन तगड्या स्पर्धकांवरून घेतली. एक सर जेरेमी मॉर्स, मोठे बँकर. दुसरी मिसेस बी. लुईस या टोपणनावाने भाग घेणारी एक स्त्री. म्हणजे एका शिक्षकाच्या कोड्यातून दुसऱ्या शिक्षकाला कादंबरीतली माणसं सापडली.

दुसरी बाजूही सांगायला हवी

इथपर्यंत वाचून तुमच्या मनात एक आदर्श गुरुजी उभे राहिले असतील. पण चरित्र सांगताना सोयीचं तेवढंच सांगणं बरोबर नाही. इतिहासकार नॉर्मन लाँगमेट हे क्राइस्ट्स हॉस्पिटलचे विद्यार्थी होते. त्यांनी शाळेच्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. त्यात मॅकनट दिसतात ते अतिशय कठोर, मुलांना किरकोळ कारणांवरून आणि कधी न घडलेल्या चुकांसाठीही मारणारे म्हणून.

हे वाचून मी बराच वेळ थांबले. जो माणूस संकेतातल्या एका भरीच्या शब्दाला अन्याय म्हणायचा, त्याला समोर उभ्या मुलावरचा अन्याय दिसला नसेल का? रविवारी अनोळखी वाचकाशी इतका न्यायाने वागणारा माणूस सोमवारी वर्गात वेगळा कसा होत असेल? त्या काळी इंग्लंडच्या शाळांत छडी सर्रास होती, हे खरं. पण त्याच काळात न मारणारे शिक्षकही होते, हेही तितकंच खरं.

मला यावर एक उत्तर सुचतं, पटतं का बघा. कोडं सोडवणारा वाचक मॅकनट यांना बरोबरीचा वाटत होता. त्याच्यापाशी बुद्धी आहे, वेळ आहे, आणि नियम मोडला तर तो पत्र लिहून जाब विचारेल, हे त्यांना माहीत होतं. मूल जाब विचारू शकत नाही. म्हणून मुलाशी न्यायाने वागणं हे संपूर्णपणे मोठ्यांच्या हातात असतं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. छडी गेली ते चांगलंच झालं. पण संदिग्ध प्रश्न विचारून, मुलगा अडकला की वर्गासमोर त्याचं हसं करणं, हे कुठल्या खात्यात टाकायचं? याचं उत्तर ज्याने त्याने आपल्या वर्गात शोधायचं आहे. पालकांनीही. घरी पाहुण्यांसमोर मुलाला उभं करून पाढा विचारताना तर नक्कीच.

शेवट आणि नंतर

१९६३ मध्ये मॅकनट निवृत्त झाले. कोडी मात्र सुरूच राहिली. १९७१ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी त्यांची जागा एझेड या नावाच्या कोडेकाराने घेतली. हे नाव म्हणजे देझा या आणखी एका स्पॅनिश धर्मन्यायाधीशाच्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटी केलेली. परंपरा अशी चालू राहिली. झिमेनीज यांचे सगळे नियम आज सगळेच पाळतात असं नाही. काहींना ते फार कडक वाटतात, आणि त्यावर तिकडे अजूनही वाद झडतात. पण वाद घालणारेसुद्धा मोजपट्टी म्हणून त्यांचंच नाव घेतात.

वर्गात काय करता येईल?

तिसरी-चौथीच्या मुलांना हे जमेल का? सुरुवात द्वयर्थी शब्दांपासून करा. इथे गुरं चरतात आणि ही गळ्यात घालतात, दोन अक्षरं. उत्तर माळ. अशी कोडी मुलं पटकन पकडतात, कारण आजीकडून ऐकलेल्या कोड्यांचा आणि उखाण्यांचा ठसका त्यांच्या कानात असतोच. मग उलट्या शब्दांकडे जा, नदी आणि दीन, रवी आणि वीर. त्यानंतर अक्षरांची उलटापालट, कलम आणि कमल. फोडीचे शब्द शेवटी घ्या. मराठीत अक्षर मोजताना काना-मात्रा अक्षराबरोबरच धरायच्या, हे आधीच ठरवून सांगा. नाहीतर तिथेच भांडण व्हायचं!

आणि मुलांना फक्त सोडवायला लावू नका, रचायला लावा. मुलाने कोडं रचलं की त्याला तीन प्रश्न विचारा. यात उत्तराचा अर्थ सांगणारा भाग कोणता? उत्तराकडे नेणारी वाट कोणती? आणि एखादा शब्द उगाच आलाय का? दुसऱ्या गटाला उत्तर आलं नाही, तर रचणाऱ्याने फळ्यापाशी येऊन समजावून सांगायचं. समजावून सांगितल्यावर वर्गातून हो हो असा आवाज आला तर कोडं पास. सगळे गप्पच राहिले तर कोडं दुरुस्त करायला परत. यात कोडं नापास होतं, मूल नाही.

तुमच्या वर्गातल्या पुढच्या चाचणीचा कागद छपाईला देण्याआधी हेच तीन प्रश्न आपणही एकदा त्याला विचारून बघू या.